रविवारची हजेरी

मी पाच मिनिटांचा आहे. हे माझं वय नव्हे, माझं काम आहे. मी वाळूचं घड्याळ. काचेचे दोन फुगे, मधे बारीक मान, वर-खाली लाकडाच्या दोन चकत्या आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तीन दांड्या, एवढाच माझा देह. मला उलटं केलं की वरची वाळू खाली येते. ती संपली की मी थांबतो. मग कुणाचा तरी हात लागेपर्यंत मला काहीच करता येत नाही.

फिरोजाबादच्या एका भट्टीवर मी जन्मलो. ज्या माणसानं मला फुंकलं त्याचा चेहरा आठवत नाही, श्वास आठवतो. त्या श्वासाला विडीचा वास होता. त्या दिवशी माझ्याबरोबर चाळीसेक भावंडं जन्मली. त्या सगळ्यांत माझी मान तेवढी जरा जास्तच अरुंद झाली. त्यामुळं मला पाच मिनिटं आणि वर वीस सेकंद लागतात. हा माझा दोष मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं तो एका घराला भोवला.

तिथून मी औरंगाबादला आलो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. औरंगपुऱ्यात हबीबभाईंचं दुकान होतं, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणारं. परीक्षानळ्या, चुंबक, होकायंत्रं, बेडकाच्या पोटाची चित्रं, कोपऱ्यात एक प्लास्टिकचा सांगाडा. माझी भावंडं एकेक करून शाळांना गेली. मी राहिलो. कुणी मला हातात घेतलं की हबीबभाई स्वतःच म्हणायचे, "वो थोडा सुस्त है, सर. दूसरा दिखाता हूं." हबीबभाई खोटं बोलत नसत आणि त्यांच्या खरेपणामुळं मी अकरा वर्षं त्याच फळीवर बसून होतो. समोरच्या गल्लीत रिक्षा वाढल्या, दुचाक्या वाढल्या, दुकानांच्या पाट्या तीनदा बदलल्या. माझ्यावरची धूळ तेवढी तीच होती.

दोन हजार तेराच्या जानेवारीत एक बाई दुकानात शिरली. तिशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, पाठीवर सॅक. तिचं नाव मृण्मयी. ती सरकारी नोकरीत होती आणि तिचं काम विहिरी मोजायचं. ठरवून दिलेल्या विहिरींवर वर्षातून चारदा जायचं, फीत आत सोडायची, पाणी किती खाली आहे ते लिहून घ्यायचं. सोयगाव, कन्नड आणि कुठं कुठं.

तिनं मला उचललं. "हे पाच मिनिटांचं आहे का?"

"पाच से बीस सेकंद जादा है, मॅडम. झूट नै बोलूंगा. लॅब के काम का नै."

"लॅबसाठी नकोच आहे," ती म्हणाली. "भांडणासाठी हवंय."

हबीबभाई मोठ्यानं हसले. "फिर तो ले जाओ! भांडनात वीस सेकंद जादा मिळाले तर चांगलंच है."

बाहेर दुचाकीवर तिचा नवरा हिमांशू हॉर्न वाजवत थांबला होता. तो बांधकामावर इंजिनिअर होता. बीड बायपासला तेव्हा दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती आणि त्यातल्या दोन-तीन त्याच्या हाताखाली होत्या. तशाच एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांचं घर होतं. घर नवं, भिंतींचा रंग नवा. नळ मात्र चौथ्या दिवशी यायचा आणि एरवी टँकर. मोरीत, बाल्कनीत, पलंगाखाली, जिथं जागा मिळेल तिथं भरलेली पिंपं आणि बादल्या.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दिवाळीत दोघांचं कशावरून तरी बिनसलं आणि नऊ दिवस ती एकमेकांशी बोलली नाहीत. फ्रिजवर चिठ्ठ्या लावून काम भागवलं. 'टँकर अकराला येईल.' 'दूध घेतलंय.' नवव्या दिवशी मृण्मयीनं चिठ्ठी लिहिली, 'विहिरी आम्ही वर्षातून चारदा मोजतो. आपलं कुणीच मोजत नाही.' त्यातून ही कल्पना निघाली. हे सगळं मला पहिल्याच बैठकीत कळलं.

त्यांनी त्याला नाव दिलं हजेरी. दर रविवारी सकाळी नऊ वाजता जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचं. फोन कणकेच्या रिकाम्या डब्यात. मी मधे. एकानं बोलायचं, वाळू संपेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मग मला उलटं करायचं आणि पाळी बदलायची. प्रश्न चार, मृण्मयीनं पुठ्ठ्यावर लिहून माझ्याशेजारी उभे केलेले. ह्या आठवड्यात माझं काय आवडलं? काय खुपलं? काय सांगायचं राहिलं? पुढच्या आठवड्यात माझ्याकडून काय हवं?

पहिल्या रविवारी हिमांशूचं चाळीस सेकंदांत संपलं.

"झालं माझं."

मृण्मयीनं नुसतं माझ्याकडं बोट दाखवलं. माझ्या वरच्या फुग्यात वाळू भरलेली होती.

"अगं, पण सगळे प्रश्न झाले ना? आवडलं, खुपलं, सगळं सांगितलं."

ती गप्प. नियम तिनंच केला होता. तो माझ्याकडं बघत बसला. पायानं टेबल हलवत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला उंचावर भीती वाटते. सातव्या मजल्यावरच्या स्लॅबला गेलो की काहीतरी निमित्त काढून कडेपासून लांबच थांबतो. साइटवर कुणाला माहीत नाही."

मृण्मयीचे डोळे एवढे मोठे झाले. पण ती बोलली नाही. वाळू संपल्यावर तिनं मला उलटं केलंच नाही. उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. फळीवरची अकरा वर्षं मी माफ करून टाकली.

दीड वर्ष असं चाललं. ओला टॉवेल पलंगावर, सासरच्या फोनला उशिरा उत्तर, तिचे दौरे, त्याचं मित्रांसमोर तिची थट्टा करणं, सगळं माझ्यासमोर आलं आणि बहुतेक सगळं निभावलं. एकदा चौथ्या प्रश्नाला ती म्हणाली, "माझ्याबरोबर एका विहिरीला चल." तो गेला. सोयगावकडच्या एका शेतात. पुढच्या रविवारी तो पाच मिनिटं तेवढंच बोलत होता. विहिरीचे मालक कडुबा नावाचे म्हातारे गृहस्थ. फीत वर आली ती कोरडी. कडुबांनी विचारलं, "बाई, किती राह्यलं?" आणि मृण्मयी त्यांच्याकडं बघून म्हणाली, "आज नाही लागलं, काका. मे महिन्यात परत येते."

"तू त्यांना 'संपलं' म्हणाली नाहीस," हिमांशू म्हणाला. "मला ते आवडलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर."

माणसं एकमेकांना किती थोडं विचारतात, हे मी त्या टेबलावर शिकलो. आणि विचारलं तर किती निघतं, हेही.

मग पाऊस ओढ देत गेला. चौदा साल तसंच, पंधरा त्याहून वाईट. नळ सहाव्या दिवसावर गेला. बांधकामाला पाणी मिळेना, हिमांशूच्या इमारती अर्ध्यावर थांबल्या. समोरच्या प्लॉटवर लोखंडाच्या सळया उभ्या राहून गंजल्या. त्याला पुण्यात नोकरी मिळाली आणि तो गेला. मृण्मयीची नोकरी इथं. दर पंधरा दिवसांनी तो येईल आणि हजेरी मात्र दर रविवारी फोनवर, असं ठरलं.

आता टेबलावर मी, पुठ्ठा आणि स्पीकर लावलेला फोन. पलीकडं हिमांशूनं त्याच्या फोनवर पाच मिनिटांचा गजर लावलेला असायचा. त्याचा गजर काटेकोर. तो वाजायचा तेव्हा माझ्यात वीस सेकंदांची वाळू उरलेली असायची.

हळूहळू उत्तरं तीच ती झाली. "आवडलं? तू फोन वेळेवर केलास." "खुपलं? तसं काही नाही." "राहिलं? काही नाही." "हवं? काळजी घे." एकही रविवार चुकला नाही, हे सांगायला हवं. दोघं इमानानं नऊला फोनवर यायची. पण मला कळत होतं. माझ्यातून वाळू पडायची आणि तिच्याबरोबर काहीच पडत नसे.

पंधराच्या ऑगस्टमधला एक रविवार. हिमांशूची त्या आठवड्याची फेरी रद्द झाली होती. मृण्मयी त्या सकाळी लवकर उठून टेबल पुसून बसली होती. मला उलटं करण्याआधी तिनं पुठ्ठा दोनदा सरळ केला. ती पहिल्या प्रश्नावर बोलली, दुसऱ्यावर बोलली, मधेच थांबली, परत बोलली. तिसऱ्या प्रश्नाशी आली आणि म्हणाली, "राहिलंय एक. तू आल्यावर सांगणार होते, पण..."

पलीकडं गजर वाजला.

"वेळ झाली," हिमांशू म्हणाला. "माझी पाळी. मला लवकर आवरायचंय आज, मीटिंग आहे. आल्यावर सांग ना."

माझ्यात अजून वाळू होती. मृण्मयी तिच्याकडं बघत होती. शेवटचा कण पडला तेव्हा ती म्हणाली, "हो. आल्यावर."

चार दिवसांनी, गुरुवारी भर दुपारी, ती घरी आली. एरवी त्या वेळी ती दौऱ्यावर असायची. चपलाही न काढता टेबलाशी बसली. समोरची खुर्ची रिकामी. मग तिनं मला उलटं केलं आणि बोलायला लागली. माझ्याशी.

तिला दिवस गेले होते. दोन महिने होत आले होते. आदल्या दिवशी कन्नडकडच्या विहिरी करून घाटाजवळून परत येताना जीपमध्येच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. जीपवर सांडूभाऊ होते, ऑफिसचे जुने ड्रायव्हर. त्यांनी कन्नडला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रात्र तिथंच काढली. काही राहिलं नाही. सांडूभाऊ बाहेरच्या बाकावर बसून होते. "मॅडम, साहेबांला फोन लावू का?" त्यांनी विचारलं. ही म्हणाली, "नको. मी सांगते."

हे सगळं ती हिशेबी आवाजात सांगत होती, मोजणीचा अहवाल वाचावा तशी. मग म्हणाली, "त्याला आता कसं सांगू? आधी आनंदाचं सांगायला हवं, मग हे. दोन्ही एकाच पाळीत कसं बसणार?"

वाळू संपली. तिनं मला परत उलटं केलं. त्या दुपारी तिनं मला सहा वेळा उलटं केलं. मी काय करणार? मला कान आहेत, पण हात नाही, तोंड नाही. पाच मिनिटं वीस सेकंद. पाच मिनिटं वीस सेकंद. इतकं एकटं मला दुकानातल्या फळीवरही वाटलं नव्हतं.

त्या रविवारी तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "काही नाही." त्याच्या पुढच्या रविवारीही. तो घरी आला, गेला, परत आला. काही नाही. विहिरी मोजणारी बाई, आणि तिनंच आपल्या वहीतली एक जागा कोरी ठेवली.

सात महिने गेले. मार्चमधल्या एका शनिवारी हिमांशू घरी होता. मृण्मयी खाली टँकरच्या रांगेत होती. दारावरची बेल वाजली. सांडूभाऊ ऑफिसची फाईल द्यायला आले होते. हिमांशूनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. सांडूभाऊ अर्धाच पेला प्यायले, तेव्हा सगळेच अर्धा पेला प्यायचे. उठताना ते सहज म्हणाले, "मॅडमची तब्येत बरी हाय ना आता, साहेब? त्या टायमाला लई हाल झाले त्यांचे. मला तर काय सुधरंना, निस्ता बाकावर बसून राह्यलो मी."

"कुठल्या टायमाला?" हिमांशूनं विचारलं.

सांडूभाऊंचा चेहरा मी पाहिला. त्यांना कळलं, पण उशिरा. "येतो साहेब," म्हणाले आणि चप्पल नीट न घालताच जिना उतरले.

मृण्मयी वर आली तेव्हा हिमांशूनं तिच्या हातातल्या बादल्या घेतल्या आणि फाईल आल्याचं तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तो टेबलाशी बसला. मृण्मयी आली. त्यानं मला उलटं केलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"तिसऱ्या प्रश्नापासून सुरू कर."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिला समजलं. मग तिनं सगळं सांगितलं. त्या गुरुवारी मला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं. ती कन्नडच्या बाकापर्यंत आली आणि हिमांशूनं नियम मोडला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"ह्याला?" हिमांशूनं मला उचललं. मला वाटलं, आता भिंतीवर आदळणार. खरं सांगतो, मला तसंच व्हावंसं वाटलं. त्यानं जे ऐकायचं ते मी ऐकून ठेवलं होतं. त्यानं मला परत टेबलावर ठेवलं, अगदी हळूच. "सात महिने हे ह्या काचेला माहीत होतं. मला नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू आला असतास," मृण्मयी म्हणाली. "लगेच आला असतास. हजेरी लावून परत गेला असतास."

हिमांशूनं पुठ्ठा पालथा ठेवला. समोरच्या इमारतीवर कुणीतरी हातोड्यानं काहीतरी ठोकत होतं.

"हो," तो म्हणाला. "तसंच केलं असतं मी."

ती रडली नाही. तो रडला. मग म्हणाला, "माझंही राहिलंय एक. मला तिथं एकटं बरं वाटतं, मृण्मयी. रविवार आला की आधीच उत्तरं जुळवत बसतो. परीक्षेला बसल्यासारखं होतं."

त्यानंतर तो तीन महिने दर शनिवारी आला. त्या तीन महिन्यांत त्या टेबलावर जेवढं खरं बोलणं झालं, तेवढं आधीच्या तीन वर्षांत झालं नव्हतं. मला वाटायचं, आता जुळेल. पण खरं बोलता बोलता त्यांना दिसत गेलं ते हेच, की दोघांनाही आता एका घरात राहायचं नाही. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. दोघांनी नियम पाळले होते, आणि नियम पाळता पाळता एकमेकांना विचारायचं राहून गेलं होतं.

शेवटची हजेरी जुलैत झाली. चौथ्या प्रश्नाशी येऊन दोघं अडखळली. पुढच्या आठवड्यात माझ्याकडून काय हवं? पुढचा आठवडाच नव्हता. आधी ती हसली, मग तोही.

"तरी सांग," ती म्हणाली.

"लांबच्या विहिरींवर एकटी जात जाऊ नकोस. सांडूभाऊंना जीपमध्ये बसवून ठेवू नकोस, विहिरीपर्यंत घेऊन जा. आणि माझ्याकडून?"

"जेवताना फोन बघू नकोस. समोर कुणीही असो."

सामान बांधलं. खोक्यांवर नावं पडली. मला कुणाच्या खोक्यात टाकायचं, ह्यावर दोघं थांबली. "तू घे." "नको, तूच घे." शेवटी तिनं मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं, मागं, रिकाम्या बरणीच्या आड. कुलूप लागल्याचा आवाज आला. मग आठ महिने कसलाच आवाज आला नाही. बादल्याही गेल्या होत्या. नळाला येणारं पाणी कुणी भरत नव्हतं. दर काही दिवसांनी पाइपात हवा घुरघुरायची, तेवढीच सोबत.

आता ह्या घरात आफरीन आणि अबुजर राहतात. आफरीन शाळेत शिकवते, अबुजर वाळूजला कारखान्यात जातो. पहिल्या दिवशी फळी पुसताना आफरीनला मी सापडलो. "अल्ला, ये क्या चीज है?" तिनं मला खिडकीत धरून फिरवून पाहिलं आणि त्याच सकाळी मला काम दिलं. अंडी उकडायचं.

तेव्हापासून मी गॅसच्या ओट्यावर असतो. पाणी खदखदायला लागलं की ती मला उलटं करते. एका पाळीत अंडं कच्चं राहतं, म्हणून दोन पाळ्या. अबुजर दाराशी उभा राहून काहीबाही सांगतो, ती पाठमोरी 'हं, हं' करते. चार प्रश्न नाहीत, पुठ्ठा नाही. दोघं एकदमच बोलतात. सुरुवातीला मला ते ऐकून धडकी भरायची. वाटायचं, ह्यांचंही राहून जाईल.

शहराचं नाव बदललं. बायपासवर उड्डाणपूल आले. नळ अजून रोज येत नाही. माझी एक दांडी वाफेनं सैल झाली आहे. मृण्मयी, हिमांशू कुठं असतात, मला माहीत नाही. ह्या दाराशी ती कधी आली नाहीत. चांगली असतील, असं मी धरून चालतो.

गेल्या मंगळवारी अबुजर कन्नडहून आला. त्याची आई, जैतुनबी, तिथं असते. आफरीननं नुकतंच मला उलटं केलं होतं. तो दाराशी उभा राहिला, पण आत आला नाही.

"क्या हुआ?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"अम्मी आज मेरेकू पैचानी नै," तो म्हणाला. "'आप किसके घर के,' बोलके पूछी."

आफरीन वळली. तिनं गॅस बंद केला. अंडी अर्धवटच होती. माझ्यात वाळू भरलेली होती आणि ती पडत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि आजवर मला कुणी केलं नव्हतं ते केलं. मला आडवं ठेवलं.

वाळू जिथल्या तिथं थांबली. थोडी इकडं, थोडी तिकडं.

"बैठो," ती म्हणाली आणि स्वतः खाली फरशीवर त्याच्याशेजारी बसली. "अब बोलो."

ती दोघं किती वेळ बसली होती, मी सांगू शकत नाही. मला मोजायला ठेवलेलंच नव्हतं. तो सांगत होता, थांबत होता, परत सांगत होता. पातेल्यातलं पाणी गार झालं.

तुमच्याही घरात हजेरीचा दिवस असेल, ठरलेला वेळ असेल. जरूर पाळा. मी त्याच कामाचा आहे आणि ते काम मला प्रिय आहे. पण समोरच्याचा आवाज जरा जरी वेगळा लागला, तर माझी एवढीच विनंती आहे. माझ्याकडं बघू नका. मला आडवं करा.